काळं मलम पुसून बघा

वाईहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते:

“सहा महिन्यांत तिसऱ्यांदा यजमानांच्या मानेवर केसतूड उठलं. न्यू जर्सीहून आलेल्या दिरांनी एक ट्यूब दिली, इक्थॅमॉल २० टक्के. डांबरासारखी काळी. लावल्यावर चौथ्या दिवशी गळू फुटलं आणि पू निघून गेला. तेव्हापासून ती ट्यूब म्हणजे आमच्या घरचा वैद्य झाली आहे. सासूबाईंच्या (वय ६८, बरीच वर्षं मधुमेह) टाचेजवळ बाभळीचा काटा मोडला, आठ दिवस त्या तेच मलम लावून वर चिंधी बांधतात. काटा ओढून वर येईल म्हणतात. मुलाला (वय १४) नाकाखाली ठणकणारी पुळी आली आहे. दिरांनी एक पत्र्याची डबीही आणली आहे. तिच्यावर कंपनीचं नाव नाही, ‘ब्लॅक ड्रॉइंग सॅल्व्ह’ एवढंच लिहिलंय. तीळ, चामखीळ मुळासकट ओढून काढते म्हणे. यजमानांच्या पाठीवरचा एक तीळ अलीकडे वाढलाय, त्यावर लावू का? शिवाय दीर म्हणाले की ट्यूबमधल्या औषधाचं नाव माशावरून पडलंय. सासूबाई माळकरी, त्यामुळे त्या मनातून खट्टू आहेत. कुणाला लावायचं, कसं आणि किती दिवस, ते नीट सांगा.”

ताई, तुम्ही यजमानांपासून सुरुवात केलीत. मी सासूबाईंपासून करते, कारण घाई तिथे आहे.

हा अंक हातात पडेल त्याच दिवशी त्यांच्या पायाची चिंधी सोडा. कोमट पाणी आणि साबणाने मलम पूर्ण धुऊन काढा, उजेडात बसवून तळवा बघा आणि जे दिसेल ते दिसेल, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. दुखत नसलं तरी. किंबहुना दुखत नसलं तर जास्तच. बरीच वर्षं साखर वाढलेली असली की तळपायाच्या नसा बधिर होतात. आठ दिवस काटा पायात आणि माणूस अंगणात झाडलोट करतोय, यात त्यांची सहनशक्ती कमी आणि बधिरपणा जास्त असू शकतो. आत पू साठला तरी वर ठणका लागत नाही.

मी नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये काढली. काळं मलम, हळद-तेल, चुना-गूळ, रुईचा चीक, बिब्बा, पायाला जे जे लावता येतं ते सगळं लावून आलेले पाय धुतले आहेत. एक आजोबा असेच काट्यावर काळ्या मलमाचे थर चढवून आले होते. जुना थर पुसायचा नाही, वर नवा लावायचा. आम्ही तो पुसायला घेतला तेव्हा मलम कुठे संपतंय आणि काळी पडलेली कातडी कुठे सुरू होतेय तेच कळेना. त्या मलमाने त्यांचा पाय बिघडवला असं मी म्हणणार नाही, पण पाय बिघडत असताना तो कुणाला दिसू दिला नाही हे नक्की. काळ्या मलमाचा सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो. ते झाकतं.

मोडलेला काटा मलमाने ओढला जात नाही. कातडीच्या अगदी वरच्या थरात बारीक कुसळ असेल तर मलमाने कातडी मऊ पडते, सुजते आणि ते कुसळ आपोआप पुढे सरकतं, एवढं होऊ शकतं. बाभळीचा काटा टाचेत खोल गेलेला असतो. काच, खिळा, सुईचं टोक यांचंही तेच. डॉक्टर एक्स-रे काढायला म्हणाले नाहीत तर नवल वाटून घेऊ नका, लाकडाचा काटा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतो. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते आठवून जा. मातीतल्या काट्याची जखम असेल आणि त्याला पाच वर्षं उलटून गेली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. तोपर्यंत घरी सुईने कोरायचं नाही, गुळाचा चटका द्यायचा नाही आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसवायचं नाही. बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही, फोड आल्यावर कळतं. पाय लालबुंद झाला असेल, वास येत असेल, जांघेत अवधाण उठलं असेल किंवा थंडी वाजून ताप आला असेल तर उद्याची वाट बघू नका.

आता ती पत्र्याची डबी.

ती टाकून द्या. कागदात गुंडाळून कचऱ्यात, आणि कामवाल्या मावशींनाही देऊ नका. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आल्या आहेत आणि दोन्हींना परदेशात ‘ड्रॉइंग सॅल्व्ह’च म्हणतात, घोटाळा तिथून सुरू होतो. ट्यूबमधलं इक्थॅमॉल हे सौम्य औषध आहे. बिननावाच्या डबीत बहुधा दुसरं प्रकरण असतं: ब्लडरूट नावाच्या अमेरिकन वनस्पतीच्या मुळाचा लाल रस आणि झिंक क्लोराइड. झिंक म्हटल्यावर तुम्हाला बाळाच्या रॅशवर लावतात ते पांढरं मलम आठवेल. ते झिंक ऑक्साइड, ते निरुपद्रवी. झिंक क्लोराइड कातडी जाळतं. चांगली कातडी कुठली आणि वाईट कुठली हे त्याला कळत नाही, सगळीच जळते आणि वर काळी जाड खपली धरते. ती खपली पडली की लोक म्हणतात, बघा, मुळासकट निघालं. त्या खपलीखाली कर्करोगाचं मूळ तसंच राहून वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेली आहेत. कुणाच्या नाकाची पाळीच गेली आहे. कर्करोगावरचा इलाज म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मलमांविरुद्ध अमेरिकेचं औषध प्रशासन वारंवार इशारे देतं. तुमच्या डबीत नेमकं काय आहे ते मला इथून दिसत नाही, पण जिच्यावर घटक लिहिलेले नाहीत ती अंगाला लावायची नाही, एवढा नियम पुरे.

तीळ वाढतोय, तर तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कडा वेड्यावाकड्या आहेत का, रंग एकसारखा आहे का, खाज किंवा रक्त येतंय का, ते ते बघतील. गरज वाटली तर तुकडा काढून तपासायला पाठवतील. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण तो तुकडा शाबूत असला तरच तपासता येतो. डबीने जाळून टाकल्यावर तपासायचं काय?

मुलाच्या पुळीबद्दल. नाकाचा दांडा आणि ओठांचे दोन कोपरे जोडले की चेहऱ्यावर एक त्रिकोण होतो. या भागातल्या शिरांचा डोळ्यांमागच्या आणि मेंदूजवळच्या शिरांशी थेट संबंध आहे. तिथली पुळी दाबून फोडली तर क्वचित, फार क्वचित, जंतू तिकडे पोचतात. क्वचित असलं तरी घडतं तेव्हा जिवावर बेततं. म्हणून तिथे काळं मलम नाही, आरशापुढे उभं राहून दाबणं नाही. स्वच्छ कोमट फडक्याने हलका शेक चालेल. पुळी वाढत असेल तर दाखवा. ताप, डोकेदुखी, पापणीला सूज, डोळा हलवताना दुखणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ हॉस्पिटल. चौदाव्या वर्षी पुळ्या येणारच, त्याला रागावू नका, त्याची नखं तेवढी कापा.

आणि माळेचं. सासूबाईंना सांगा, या औषधात मासा नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात सेफेल्ड नावाच्या गावाजवळ एक प्रकारचा तेलकट दगड सापडतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या जीवांचे, माशांचे ठसे त्या दगडात आहेत. अशा दगडातून निघणाऱ्या गंधकयुक्त तेलावर प्रक्रिया करून हे औषध करतात. ग्रीक भाषेत माशाला इक्थिस म्हणतात, म्हणून हे नाव. १८८० च्या दशकात हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उना यांनी ते वापरात आणलं. म्हणजे हे दगडाचं तेल झालं. औषध ज्यात कालवून मलम करतात त्यात मात्र व्हॅसलीनसोबत बहुतेक वेळा लॅनोलिन असतं, ते मेंढीच्या लोकरीतून निघणारं मेण. घोंगडी पांघरून वारी करणाऱ्यांना त्याचं वावडं नसावं. अर्थात पायाला तर ते आता लावायचंच नाही, त्यामुळे त्यांचा पेच तसाही सुटला.

इथवर सगळं ‘नाही नाही’च झालं. पण तुमच्या यजमानांना बरं वाटलं हे खोटं नाही, आणि मी त्या ट्यूबच्या विरोधात नाही. आमच्या वॉर्डात कानात पुळी आली की इक्थॅमॉल-ग्लिसरीनमध्ये भिजवलेली वात कानात ठेवत. सलाइनची सुई लावून हात सुजला की मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट)-ग्लिसरीनची पट्टी. ग्लिसरीन आणि मॅगसल्फ पाणी शोषून घेतात, सूज उतरते, ‘ओढणं’ म्हणायचं तर ते एवढंच. इक्थॅमॉल स्वतः थोडं जंतुरोधक, थोडं दाह कमी करणारं, कातडी मऊ करणारं. गळवावरची कातडी मऊ पडली की तोंड लवकर येतं. पण गळू पिकण्याचा आणि फुटण्याचा आपला एक काळ असतो. पुष्कळशी गळवं काही दिवसांनी काहीही न लावता फुटतात. श्रेय ट्यूबला मिळतं, आणि आमच्या आजीच्या वेळी ते जवसाच्या पोटिसाला मिळायचं. अमेरिकेच्याच औषध प्रशासनाने १९९३ साली ठरवलं की गळू बरं करतं असं सांगून चिठ्ठीशिवाय विकण्याएवढा पुरावा गळवावरच्या मलमांतल्या एकाही घटकामागे नाही. त्या यादीत इक्थॅमॉलही होतं. म्हणून तिकडच्या ट्यूबवर ‘किरकोळ त्वचादाहासाठी’ अशी मोघम भाषा असते. दिरांना वाचून बघायला सांगा.

खरं काम करतो तो शेक. जाड सुती रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळायचा, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, सोसवला तर गळवावर दहा-पंधरा मिनिटं. दिवसातून तीन-चार वेळा. हे कंटाळवाणं आहे, म्हणून लोकांना ट्यूब आवडते. रुमाल दर वेळी वेगळा, आणि वापरलेला गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेला, कारण त्या पुवात जिवंत जंतू असतात आणि ते घरभर फिरतात.

शेकानंतर कातडी कोरडी करून मलम लावायचं असेल तर असं लावा. पहिल्यांदाच लावणार असाल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून एक दिवस थांबा. लाली, खाज आली तर ते अंग त्या मलमाचं नाही. लॅनोलिनची ॲलर्जीही काहींना असते. मग हरभऱ्याच्या डाळीएवढं मलम गॉजच्या तुकड्यावर घेऊन गळवावर ठेवा, कडांना कागदी चिकटपट्टी. कापूस नको, धागे चिकटतात. वरून प्लास्टिक, चिकट लेप, गरम पाण्याची पिशवी काहीही नको. झाकून तापवलेलं औषध कातडीला जास्त झोंबतं. लावण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

यातलं महत्त्वाचं मात्र पुढे आहे. सकाळ-संध्याकाळ मलम पूर्ण पुसायचं. कोमट पाण्याने, साबणाने, खालची खरी कातडी दिसेपर्यंत. पहिल्या दिवशी लाली जिथवर आहे तिथे बॉलपेनने गोल काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली गोलाच्या आत असेल तर ठीक. बाहेर गेली असेल तर मलम बंद, डॉक्टर सुरू. आम्ही वॉर्डात हेच करायचो. पेशंट म्हणायचे, सिस्टर, नकाशा काढता का? हो, नकाशाच. काळ्या थरावर काळा थर चढवला की नकाशाच बुजतो.

दोन-तीन दिवसांत काही फरक नाही, गळू सुपारीएवढं होऊन आत पाणी भरल्यासारखं लागतंय, अंगात ताप आहे, लाल रेघ वर सरकतेय, किंवा एकाऐवजी चाळणीसारखी चार-पाच तोंडं दिसतायत, तर पुढचं काम डॉक्टरांच्या चाकूचं आहे. छोटा छेद दिला, पू निघाला की ठणका ज्या वेगाने उतरतो त्याला तोड नाही. चार-पाच तोंडांची ती काळपुळी, ती बहुधा मानेवर किंवा पाठीवर येते आणि पुष्कळदा मधुमेही माणसाला. गळू आपण होऊन फुटलं तर त्या क्षणापासून इक्थॅमॉल बंद. उघड्या भोकात मलम भरायचं नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचं, कोरडं गॉज ठेवायचं, भिजलं की बदलायचं. उरलासुरला पू दाबून काढण्याचा मोह टाळायचा. आणि मेडिकलवाल्याने सोबत दिलेली ‘सगळ्यावर चालणारी’ पांढरी ट्यूब बाजूला ठेवा. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असतं, लाली वरवर जाते आणि आत जंतूंना रान मोकळं मिळतं. अशा ट्यूबांनी गजकर्ण किती चिवट होऊन बसलंय ते बघताच आहात.

गजकर्ण, चिखल्या, भाजलेलं, कुत्रं-मांजर चावलेलं, डोळ्याजवळ, जांघेतल्या नाजूक जागी, अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनावर, यातल्या कशावरही काळं मलम नको. लहान बाळाला आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बिब्ब्याचं तर नावच काढू नका, त्याने उतून आलेली कातडी मी इतकी पाहिली आहे की आजही बाजारात बिब्बे दिसले की हात आखडतो.

एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. या मलमात व्हॅसलीन म्हणजे पॅराफिन असतं. ते कपड्यात, पट्टीत मुरलं की तो कपडा लवकर पेट घेतो. मानेवर पट्टी बांधून यजमान गॅसपुढे चहा करत असतील किंवा विडी ओढत असतील तर त्यांना आधी लांब करा. देवघरातल्या समईचंही लक्षात ठेवा.

पण ताई, मला तुमच्या पत्रातलं खटकलेलं वाक्य वेगळंच आहे. “सहा महिन्यांत तिसऱ्यांदा.” ते तुम्ही पहिल्याच ओळीत लिहून पुढे निघून गेलात. एक केसतूड कुणालाही होतं, घाम आणि कॉलरचं घर्षण पुरतं. तीन होतात तेव्हा कारण शोधायचं असतं. यजमानांच्या आईला मधुमेह आहे. त्यांची साखर शेवटची कधी तपासली? उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, दोन्ही करून घ्या. पुष्कळांना आपला मधुमेह पहिल्यांदा कळतो तो असा, मानेवरच्या गळवातून. साखर नीट निघाली तर दुसरा संशयित नाक. गळवं करणारे स्टॅफिलोकॉकस जंतू काहींच्या नाकपुडीत कायम मुक्कामाला असतात. हात नाकात, मग मानेवर, झालं. त्यावर नाकात लावायचं वेगळं मलम डॉक्टर देतात, ते मनाने आणायचं नाही. गेल्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही मनाने संपवायच्या नाहीत. टॉवेल, वस्तरा, कंगवा प्रत्येकाचा वेगळा करा, आणि न्हाव्याकडे नवं ब्लेड मागायला त्यांना लाजू नका म्हणावं.

उद्या सकाळी सासूबाईंना डॉक्टरांकडे नेताना यजमानांनाही चहा न देता सोबत घ्या. एका खेपेत दोघांचं रक्त देऊन होईल, आणि पाठीवरचा तीळही तिथल्या तिथे दाखवता येईल.

उशीच्या अभ्र्यांवरचे काळे डाग निघत नाहीत असं तुम्ही ताजा कलममध्ये लिहिलंय. लगेच गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने चोळलं तर बरेचसे निघतात, वाळले की राहतात. जुने अभ्रे त्या मानेसाठी बाजूला काढून ठेवा.